रविवारचं मैदान

शिरोळ तालुक्यात शनिवारी रात्री एखादा गडी जेवण उरकून मोबाईल चार्जिंगला लावतो, टोपी खुंटीवर आधीच काढून ठेवतो आणि पॉवर बँक कुणी नेली म्हणून घरभर ओरडतो, तेव्हा त्याला कुणी काही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी उसाला पाण्याची पाळी असो, पाव्हण्याच्यात बारसं असो नाहीतर सोसायटीची सभा असो, उत्तर ठरलेलं: "मैदान हाय." मैदान म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यती. ते कुठं आहे याला फारसं महत्त्व नसतं. ते कवठेमहांकाळकडं असेल, विट्याजवळ असेल, पार खटाव तालुक्यात पुसेगावला असेल. पहाटे पाचला चौघं एका गाडीत बसतात आणि उजाडायच्या आत अंकलीचा पूल मागं टाकतात. हाच माणूस, जयसिंगपुरात जाऊन गॅसची केवायसी करून या म्हटलं की ऊन फार झालंय म्हणतो.

त्याच्याच जातकुळीचा एक माणूस अमेरिकेत इंडियानापोलिसला भेटतो. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिथं कामगार दिनाची सुट्टी असते आणि त्या जोडसुट्टीत 'यूएस नॅशनल्स' ही ड्रॅग रेसिंगमधली सगळ्यात मानाची शर्यत भरते. १९५५ साली ती कॅन्सस राज्यात सुरू झाली आणि १९६१ पासून इंडियानापोलिसला स्थिरावली. प्रकार अगदी सरळ. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा लागतो, सुटतात. वळण नाही, घाट नाही, ओव्हरटेक नाही. 'टॉप फ्युएल' या सगळ्यात वरच्या वर्गातली गाडी अकरा हजारांहून जास्त अश्वशक्तीची असते, १००० फुटांचं अंतर चार सेकंदांच्या आत कापते, शेवटाला ताशी ५०० किलोमीटरच्या पुढं जाते आणि थांबवायला मागून पॅराशूट सोडावं लागतं. अंतिम दिवशी बाद फेरीत १६ गाड्या. म्हणजे आधी आठ शर्यती, मग चार, मग दोन, मग एक. एकूण १५. प्रत्येकीचे चार सेकंद धरले तर साऱ्यांची बेरीज एक मिनिट.

या एका मिनिटासाठी तो माणूस शेकडो मैल गाडी हाकत येतो, तंबू ठोकतो आणि उन्हात टोमॅटोसारखा लाल होतो. बाकीचे दिवस तो करतो तरी काय, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला पडेल. शिरोळच्या माणसाला तो पडायचं कारण नाही.

कारण त्याचा स्वतःचा हिशेब याहून फार वेगळा नाही. मैदानात शेजारी शेजारी सात तास, म्हणजे गाड्या पळायच्या सात पट्ट्या, आखलेले असतात. समजा दोनशे दहा गाड्या आल्या, तर सातच्या हिशेबानं तीस गट झाले. गटात पहिली आलेली गाडी सेमीला, पाच सेमी धरा, मग फायनल. छत्तीस धावा. एक धाव भरभक्कम अर्ध्या मिनिटाची धरली तरी दिवसभरात बैल पळतात अठरा मिनिटं. सकाळी सातला गेलेला माणूस फायनल बघून हलतो तेव्हा अंधार पडलेला असतो. उरलेल्या वेळात झेंडा पंचाची वाट पाहणं, चिठ्ठ्यांची वाट पाहणं, एखाद्या पुढाऱ्याच्या सत्काराची वाट पाहणं आणि सत्कार संपायची वाट पाहणं, एवढी कामं असतात. समालोचक मात्र क्षणभर थांबत नाही. पाण्याचा टँकर मैदानात आला तरी तो "आला आला आला" म्हणून असा आवाज चढवतो की झाडाखाली पेंगणारी माणसं दचकून उठून उभी राहतात आणि टँकर बघून परत बसतात.

खरं मैदान भरतं ते मात्र धावपट्टीच्या बाहेर, जिथं बैल बांधलेले असतात तिथं. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसचं एक मोठेपण असं की साधं तिकीट काढलेल्या माणसालाही थेट गाड्यांच्या तंबूपर्यंत जाता येतं. दोन फेऱ्यांच्या मधल्या तासाभरात मेकॅनिकांची टोळी सगळं इंजिन उलगडून पुन्हा जोडते, ते चार हातांवरून पाहता येतं. जोडलेलं इंजिन तिथंच चालू करून बघतात. इंधन नायट्रोमिथेनचं, त्याचा धूर डोळ्यांत गेला की घळाघळा पाणी येतं, खोकला सुटतो, घसा जळतो. आणि शौकीन माणसं पोराबाळांना घेऊन मुद्दाम त्या धुरात उभी राहतात.

आपल्याकडं धुराची जागा धुळीनं घेतलेली आहे. पिकअपच्या सावलीला ताडपत्री बांधलेली असते. खाली खिल्लार बैल उभा. अंगावर झूल, शिंगं तासून चकचकीत केलेली, गळ्यात घुंगरांचा पट्टा. त्याच्या पुढ्यात एक पोरगं उकिडवं बसलेलं असतं. ओलं फडकं घेऊन ते आधी बैलाच्या नाकपुड्या पुसतं, मग डोळ्यांच्या कडा, मग खाली वाकून खुराच्या फटीत अडकलेला खडा बोटानं काढतं, तो नीट निरखून बघतं आणि लांब फेकतं. या पोराला घरी स्वतःचं ताट उचलून ठेव म्हणून चारदा सांगावं लागतं. बैलाची खुराक विचारली तर दूध, अंडी, उडदाची डाळ, खारीक, बदाम अशी यादी ऐकायला मिळते. विचारणारा गप्प बसतो, कारण त्याच्या स्वतःच्या पोटात सकाळपासून जयसिंगपुरी भडंग आणि एक कटिंग चहा एवढंच गेलेलं असतं.

नामांकित बैलापुढं सेल्फीची रांग लागते. बैल कुणाकडं बघत नाही. बकासुर, महिब्या, हेलिकॉप्टर बैज्या, ब्रेकफेल ही नावं सांगली-कोल्हापूर-सातारा पट्ट्यात शाळकरी पोरांना पाठ असतात. याच पोरांना जिल्ह्यातल्या नद्या विचारल्या तर पंचगंगेवर गाडी थांबते. ब्रेकफेल हे नाव एखाद्या ट्रकच्या मागं लिहिलं असतं तर आरटीओनं पासिंग दिलं नसतं. बैलाला मात्र ती पदवी आहे.

गाडीला बैल दोन लागतात आणि पुष्कळदा ते दोन मालकांचे असतात. या जोडी जमवण्याला पैरा म्हणतात. एकाचा बैल सुटायला चपळ, दुसऱ्याचा शेवटाला जोर लावणारा. एक उजवीकडं पळणारा, दुसरा डावीकडंच शोभणारा. फोनाफोनी होते, मध्यस्थ लागतात, मानपान निघतात, "मागच्या मैदानाला आमाला का इचारलं न्हाई" हा रुसवा निघतो. सोयरीक जमवताना माणसं इतकी चौकशी करत नाहीत. चुलत भावांशी बांधावरून कोर्टात भांडणारी माणसं पैऱ्यासाठी परक्या जिल्ह्यातल्या माणसाचे पाय धरायला तयार असतात.

या सगळ्यावर भाष्य करणारे तज्ज्ञ कडेला शेकड्यांनी असतात. त्यांतल्या निम्म्यांच्या दारात बैल नाही. ट्रॅक्टर आहे, हप्ते चालू आहेत.

"तात्या, चार नंबर तासाला बघा. डावा बैल तापलाय."

"तापला न्हाई, घाबरलाय. कान बघ की."

"कान मागं हाईत म्हंजी जोर करणार."

"कान मागं हाईत म्हंजी त्येला भोंग्याचा तरास हुतोय. गप बघ."

दोघांपैकी कुणाचं खरं ठरलं याला किंमत नसते. गाडी जिंकली तर तात्या म्हणतात, भोंगा बंद झाला म्हणून जिंकली.

सुटण्याचा क्षण दोन्हीकडं सारखाच छळतो. ड्रॅग रेसिंगमध्ये 'ख्रिसमस ट्री' नावाचा दिव्यांचा खांब असतो. १९६३ साली तो आला आणि झेंडा दाखवणाऱ्या माणसाची नोकरी गेली. वरच्या वर्गात तीन पिवळे दिवे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदानं हिरवा. त्याआधी हललात की लाल दिवा लागतो, तुम्ही बाद. गंमत अशी की जो हिरव्याला आधी दाद देतो, तो एकूण वेळेत मंद असूनही जिंकू शकतो, कारण अखेर शेवटची रेघ आधी कोण ओलांडतो एवढंच मोजलं जातं. आपल्याकडं पिवळा दिवा नाही. सात गाड्यांचे चौदा बैल, प्रत्येक बैलाला कासऱ्याशी झोंबणारी दोन-तीन माणसं, छकड्यावर पाय रोवून वाकलेला ड्रायव्हर (त्याला ड्रायव्हरच म्हणतात), आणि झेंडा हातात घेतलेला एकटा पंच. सहा गाड्या सरळ झाल्या की सातवी आडवी होते. सातवी सरळ करेपर्यंत दोन नंबरचा बैल खाली बसतो. बसलेला बैल उठवतात तोवर पाच नंबर एकटाच सुटतो आणि पार टोकापर्यंत पळून येतो. त्याच्या मागं त्याचे मालक, मालकाचे भाऊ आणि दोन कुत्री.

मग एकदाचा झेंडा पडतो. त्यानंतर काय झालं हे कुणालाच नीट दिसत नाही. धुळीचा एक लोट येतो, त्यात शिंगं दिसतात, जमीन पायाखाली हादरते, आणि पुढं उभा राहिलेला उंच माणूस नेमका त्याच क्षणी दोन्ही हात वर करतो. बरेच जण शर्यत डोळ्यांनी न बघता मोबाईलच्या पडद्यातून बघतात, तीही हलत. तास सोडून शेजारच्या तासात घुसलेली गाडी बाद होते. ड्रॅग रेसिंगमध्येही मधली रेघ ओलांडली की तोच न्याय. फरक इतकाच की तिथं बाद झालेला चालक हेल्मेट काढून निघून जातो. इथं बाद झालेल्या गाडीच्या बाजूनं दोनशे माणसं पंचाकडं चालू लागतात. पूर्वी हा वाद आवाजावर सुटायचा. आता ड्रोन असतो, कॅमेरा असतो, मोठ्या पडद्यावर संथ गतीनं निकाल दाखवतात. त्यामुळं वाद मिटतो असं नाही. नाकाची टोकं धरायची की शिंगाची, हा नवा मुद्दा त्यातून निघाला.

शिरोळच्या जुन्या माणसांना हे तासाचं मैदान तसं मवाळच वाटतं. त्यांच्या लहानपणी गाड्या रस्त्यावरून पळत. आरत-पारत म्हणजे गावाबाहेरच्या खुणेपर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. अंतर काही किलोमीटरांचं. उरूस आणि जत्रेला असल्या शर्यती ठरलेल्या. काही ठिकाणी एका बाजूला घोडा आणि एका बाजूला बैल जुंपलेली गाडीसुद्धा पळायची. आणि गाड्यांच्या मागं, पुढं, बाजूला मोटरसायकलींचा तांडा. एकीवर तिघं, मधला उभा, त्याच्या तोंडात शिट्टी. नेमकी शर्यत कुणाची चालली आहे हे एसटीच्या ड्रायव्हरला कळायचं नाही. तो गाडी खाली शेतात उतरवून हात जोडायचा.

रस्त्यावरून मैदानात यायला अमेरिकेतही कष्ट पडले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली तरणी पोरं जुन्या गाड्यांची इंजिनं फुगवून रात्री रस्त्यावर शर्यती लावत. वॉली पार्क्स या गृहस्थानं १९५१ साली 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' काढली ती या पोरांना रस्त्यावरून उचलून आखलेल्या पट्टीवर आणायला. संस्थेची पहिली अधिकृत शर्यत १९५३ साली कॅलिफोर्नियात पोमोनाला झाली, तीही जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये. नियम तेव्हापासून बदलत आले. पाव मैलाचं मूळ अंतर वरच्या दोन वर्गांसाठी २००८ साली १००० फुटांवर आणलं, स्कॉट कॅलिटा हा चालक न्यू जर्सीतल्या अपघातात गेल्यानंतर.

आपल्याकडचा बदल कोर्टातून आला. ११ जुलै २०११ ला केंद्रानं अधिसूचना काढून बैलाला खेळात वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्रानं स्वतःचा दुरुस्ती कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. या तारखा सातबाऱ्याचा गट नंबर विसरणाऱ्या माणसांना तोंडपाठ आहेत. चावडीवर घटनापीठ आणि खंडपीठ यांतला फरक समजावून सांगणारा माणूस दहावी नापास असू शकतो. पण त्याचं ऐकून घ्यावं, तो बरोबर सांगतो.

बंदी उगाच आली होती असं मात्र त्यानं म्हणू नये. शेपूट चावणं, अणकुचीदार काठी, बॅटरीचा शॉक हे प्रकार मैदानावर चालत, आणि ते बघितलेली माणसं अजून हयात आहेत. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते, अंतर १००० मीटरच्या आत ठेवावं लागतं, छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. चाबूक ज्यांच्या हातातून गेला त्यांनी तो घशात घेतला. आजचा ड्रायव्हर गाडी ओरडून पळवतो आणि सोमवारी दिवसभर खुणेनं बोलतो.

बंदीच्या त्या सात-आठ वर्षांत शौकीन माणसानं काय केलं, हा अभ्यासाचा विषय आहे. नाद जागा बदलतो. काही जण कृष्णेच्या होड्यांच्या शर्यतींना जाऊन काठावरून कंठ फोडू लागले. काहींनी ट्रॅक्टर रिव्हर्सच्या स्पर्धा गाजवल्या: मागं ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आखलेल्या वाटेतून उलटा न्यायचा, घड्याळ लावून. उसाच्या पट्ट्यात हे कौशल्य कारखान्याच्या यार्डात रोजच लागतं, त्यामुळं गर्दी जाणकारांची. कुणी व्हॉट्सॲपवर कर्नाटकातल्या कंबळ्याचे व्हिडिओ बघून दिवस काढले. फेब्रुवारी २०२० मध्ये श्रीनिवास गौडा हा गडी चिखलातून रेड्यांमागं १४२.५ मीटर १३.६२ सेकंदांत पळाला, वर्तमानपत्रांनी त्याचे शंभर मीटरचे ९.५५ सेकंद काढून उसेन बोल्टच्या ९.५८ शेजारी ठेवले, आणि त्यानं धावपट्टीवरची चाचणी द्यायला नकार दिला. शिरोळमध्ये हा नकार सगळ्यांना पटला. रेड्याशिवाय पळायचं कशाला?

इंजिनाच्या ड्रॅग रेसही महाराष्ट्रात झाल्या आहेत. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या विमानाच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' भरायची, मोटरसायकली आणि मोटारी पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पळायच्या. पुण्यात नोकरी करणाऱ्या एखाद्या भाच्यानं आपल्या तात्यांना तिथं नेलं असतं तर तात्यांनी गाडीच्या पुढच्या चाकाकडं बराच वेळ बघितलं असतं. मग विचारलं असतं, "हिला खायला काय?" इंधनाचं नाव ऐकून झाल्यावर पुढचा प्रश्न: "आणि पळून आल्यावर हिच्या अंगावरनं हात कुठं फिरवायचा?" अश्वशक्तीच्या आकड्यानं ते दबले नसते. जेम्स वॉटनं घोडा मोजला, बैल मोजायचा राहिला, हे त्यांचं जुनं मत आहे.

बक्षिसांच्या बाबतीत मात्र बैल आणि इंजिन आता एका दावणीला आले आहेत. एप्रिल २०२३ मध्ये विट्याजवळ भाळवणीला डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी भरवलेल्या 'रुस्तुम-ए-हिंद' मैदानात पहिलं बक्षीस थार होतं. ती बकासुर आणि महिब्या या जोडीनं नेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावला मजल फॉर्च्युनरवर गेली आणि ती हेलिकॉप्टर बैज्या आणि ब्रेकफेल यांच्या नावावर लागली. बैलानं मोटार जिंकायची आणि बैलाला घरी न्यायला भाड्याची पिकअप बोलवायची, यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

अडचण वेगळीच आहे. पैऱ्यातले बैल दोन, मालक दोन, फॉर्च्युनर एक. परतीच्या वाटेवर मिरजेच्या अलीकडं चहाला थांबलेल्या चौघांमध्ये हा विषय निघाला की लवकर संपत नाही. एक म्हणतो विकून पैसे वाटावेत. दुसरा म्हणतो, विकली तर गावात दाखवणार काय. सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं ठेवावी. तिसऱ्याला प्रश्न पडतो की सहा महिन्यांत पावसाळा ज्याच्या वाट्याला येईल त्यानं पूर आल्यावर ती कुठं चढवायची. शिरोळ तालुक्यात २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यानं बघितले त्याच्या डोक्यात हे आधी येतं. चौथा, ज्याच्या दारात एक म्हैस आणि एक शेळी आहे, तो म्हणतो, "गोठ्यात लावायची, बैलाशेजारी. पर टपावर कोंबड्या बसत्यात, त्येचं काय करायचं ते आधी सांगा."